लिफ्ट बंद आहे, माफ करा

लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी ते नेहमी खाली बघत. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका पातळीत आहे की नाही, हे त्यांना बघायचं असे. नजरेनं समाधान झालं नाही, तर खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी निघे आणि मागे चार-पाच माणसं खोळंबलेली असताना हे गृहस्थ उकिडवे बसून दोन फरश्यांमधला फरक मोजत. आकडा वहीत टिपून घेत, गुडघ्यावर हात ठेवून उठत, आणि बहुतेक वेळा जिन्यानंच वर जात.

सातपूरला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही बरोबर होतो. मागे कारखाना आणि रस्त्याच्या बाजूला तळमजला धरून चार मजली ऑफिस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ते सुरक्षा अधिकारी, मी प्रशासन अधिकारी; ते पन्नाशी ओलांडलेले, मी तिशीतला. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. वॉचमनपासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळे ‘सेफ्टी’ म्हणत. सेफ्टी आले, सेफ्टी गेले, सेफ्टींना विचारा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. फोन उचलल्यावर तेही ‘सेफ्टी बोलतोय’ असंच म्हणत.

उंच, किरकोळ शरीर, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पट्टी, खडू आणि पेन्सिलीएवढी बॅटरी. त्या काळात नाशकात हेल्मेट घालून दुचाकी चालवणारे दोनच प्रकार होते, देवळालीचे जवान आणि आमचे सेफ्टी. हातात चहाचा कप घेऊन ते कधी चालले नाहीत. आधी बसत, मग पीत. जिना उतरताना कठडा धरत आणि बोलणं थांबवत. आपण काहीतरी सांगत असलो, तर पहिल्या पायरीशी ते हात वर करत, आपण गप्प व्हायचं, आणि खाली पोचल्यावर ‘हं, बोला’ म्हणून पुढचं ऐकत. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी ते स्टेजच्या मागे जाऊन वायरिंग बघून आले आणि वरपक्षाच्या पहिल्या दोन रांगा मागे घ्यायला लावल्या. मुलीचे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. कोणी म्हणालं, अहो, इतकी लग्नं झाली त्या हॉलमध्ये, कधी काही झालं का? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “झालं नाही, म्हणजे होणार नाही असं नाही.”

असा माणूस असा का झाला, याबद्दल ऑफिसात कथा होत्या. कोणी म्हणे, आधीच्या कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा हात मशीनमध्ये गेला. कोणी म्हणे, भाऊ गेला. मी एकदा धीर करून विचारलं. त्यांना हसू आलं. तसं काहीही घडलेलं नव्हतं. आपल्याला त्याच कामाचा पगार मिळतो म्हणून आपण बघतो, एवढंच ते म्हणाले. मला हे उत्तर फार निराशाजनक वाटलं होतं.

लिफ्टमध्ये एक पितळी पाटी होती. सहा माणसं, चारशे आठ किलो. एके दिवशी ते घरून वजनकाटा घेऊन आले. पाटी लिहिणाऱ्यानं एक माणूस अडुसष्ट किलोचा धरलाय, आपली माणसं किती किलोची आहेत ते बघू, असं म्हणून त्यांनी तीन दिवसांत सगळं ऑफिस काट्यावर चढवलं. नोटीस बोर्डावर यादी लागली ती नुसत्या आकड्यांची, नावं नाहीत. पण शंभरावरचा आकडा एकच होता, आणि तो कोणाचा यावर कँटीनमध्ये आठवडाभर खल चालला. अकाउंट्सचे प्रमुख तो आठवडाभर आपल्या टेबलावरच डबा खात होते. यादीखाली निष्कर्ष होता, ‘आपल्या ऑफिसातली सहा माणसं म्हणजे सात माणसं. तरी पाचांनीच चढावे.’ आम्ही खूप हसलो आणि पूर्वीसारखेच सहा-सात जण चढत राहिलो.

माझा शिपाई पेठकडचा होता. तो एकदा मला म्हणाला, “सेफ्टी लय डोकं खातंय साहेब, पन खोटं नाय बोलत.” मला त्यातला पहिला भाग तेवढा पटला होता.

एका सोमवारी सकाळी त्यांनी मला आणि जनरल मॅनेजरना दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. त्यांनी आमच्यासमोर बाहेरचं जाळीचं दार धरून ओढलं, आणि ते सरळ उघडलं. लिफ्ट समोर नसताना ते दार उघडायला नको, एवढं मलाही कळत होतं. समोर काळा खड्डा होता आणि त्यातून ग्रीसचा वास येत होता. त्यांनी खिशातला खडू आत टाकला. तो खाली लिफ्टच्या टपावर आपटल्याचा आवाज आला.

“फाईल वाचत वाचत कोणी आलं आणि दार उघडून पाय टाकला, असं समजा,” ते म्हणाले.

जनरल मॅनेजरनी नोटीस लावून लिफ्ट चालू ठेवायचं सुचवलं. नवीन भाग येईपर्यंत लोक जपून वापरतील. सेफ्टी खाली गेले, घरून आणलेली साखळी आणि कुलूप लिफ्टला घातलं आणि पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं लिहून टांगलं, ‘लिफ्ट बंद आहे, माफ करा.’ खाली सही. दुपारपर्यंत ते त्या पाटीशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगत राहिले. लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. लिफ्ट कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. दारांची कुलपं जुन्या बनावटीची होती, मुंबईहून करून यायला दोन महिने तरी लागणार होते.

मला तेव्हा या सगळ्याचा वैताग आला होता. तक्रारी माझ्याकडे येत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा अहवाल माझ्या टेबलावर आला, स्वतः टाइप केलेला, बावीस पानांचा. त्यांचे अहवाल नेहमीच असे असत. कोणता धोका, कोणाला, किती, काय करता येईल, तोपर्यंत काय करायचं. कार्बन लावून ते एक प्रत स्वतःकडे ठेवत. मी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं आणि उरलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही ठोकली. टेबल रोज संध्याकाळी मोकळं झालं पाहिजे, याचा मला अभिमान होता. अहवाल फाईलला लागला.

तिसऱ्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस होतं. तिथे सुमनताई ट्रेसिंगचं काम करायच्या. मूळच्या चांदवडच्या, सातपूरला आईबरोबर भाड्यानं राहायच्या. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. रेघ अशी मारायच्या की इंजिनिअर लोक आपलं काम त्यांच्याकडेच जावं म्हणून वशिला लावत. मुलाखतीच्या वेळी त्यांना काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, वर जायला लिफ्ट आहे का. हे मला माहीत होतं, कारण मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो.

माझी केबिन तळमजल्यावर, जिन्याला लागून. लिफ्ट बंद झाल्यावर रोज सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या कॅलिपरचा आवाज मला ऐकू यायचा. एक पाय, मग लोखंड, मग थांबणं. पर्स आणि डबा शिपाई वर नेऊन द्यायचा. एकदा मी बाहेर येऊन त्यांना ‘जपून हं’ म्हणालो. त्या हसल्या. आपण विचारपूस केली या समाधानात मी आत येऊन बसलो.

सेफ्टी त्या दिवसांत आमच्याकडे नसायचे. सिन्नरला कंपनीची नवी शेड उभी राहत होती, तिथे त्यांना पाठवलं होतं. सातपूरला ते फक्त शनिवारी यायचे, आणि शनिवारी ड्रॉइंग ऑफिसला सुट्टी असे. अशाच एका शनिवारी ऑफिसच्या दुचाकींच्या स्टँडवर ते हेल्मेटचा पट्टा सोडत होते, मी निघालो होतो.

“ते टेबलाचं झालं ना?” त्यांनी विचारलं.

त्या आठवड्यात मी रिसेप्शनसाठी नवीन टेबल मागवलं होतं. मी म्हणालो, “हो, झालं.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. “बरं झालं. मला तीच काळजी होती.”

रिसेप्शनच्या टेबलाची काळजी करणारा माणूस जगात दुसरा नसेल, असं मला वाटलं. घरी जाऊन मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला.

सातव्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, सुमनताई जिना उतरताना पडल्या. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती. दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावरून त्या थेट पहिल्या मजल्यापर्यंत आल्या. मी आवाज ऐकून धावलो. बुधवार होता, पण कसल्याशा कागदावर सही घ्यायला सेफ्टी योगायोगानं सिन्नरहून आलेले होते, आणि ते माझ्या आधी पोचले. लोक सुमनताईंना उठवायला वाकले, तर सेफ्टींनी सगळ्यांना मागे सारलं. कोणी उचलायचं नाही म्हणून बजावलं, स्ट्रेचर मागवलं आणि ते येईपर्यंत जमिनीवर बसून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मग त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून गेले.

चार वाजता ते परत आले. सुमनताईंच्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं, तेही त्याच डाव्या पायाचं. हे सांगून ते जिन्यात गेले, पट्टी काढली आणि एकेक पायरी मोजायला लागले. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“टेबल खाली आणलं होतं ना?” ते म्हणाले. “मग त्या जिन्यात कशा होत्या?”

मला तेव्हा कळलं. केबिनमध्ये जाऊन फाईल काढली. एकोणिसावं पान. ‘लिफ्ट बंद असेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरील कु. सुमन यांना जिना चढणे-उतरणे धोक्याचे आहे. त्यांचे टेबल व दिवा तळमजल्यावरील पाहुण्यांच्या खोलीत आजच हलवावे. त्यांच्याशी बोललो आहे, त्यांची तयारी आहे.’ कोपऱ्यात ‘पाहिले’ आणि माझी सही. पाहुण्यांची खोली माझ्या केबिनच्या समोर होती. महिन्यातून चार दिवस उघडायची.

दोन माणसांचं आणि अर्ध्या तासाचं काम होतं.

मी ते पान फाईलमधून काढलं आणि फाडून टाकलं. त्या खुर्चीवर बसून मला दोन वर्षंही झाली नव्हती. हे कारण आहे, सबब नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यात काही फरक नसतो.

चौकशी जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. त्यांनी विचारलं, लिफ्ट बंद केली तेव्हा या बाईंच्या बसण्याची काही व्यवस्था सुचवली होती का? मी म्हणालो, माझ्याकडे आलेल्या अहवालात तसं काही नव्हतं. सेफ्टी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांच्या मांडीवर रेक्झिनची बॅग होती आणि दोन्ही हात बॅगेवर. कार्बनची प्रत त्या बॅगेत असणार, हे मला ठाऊक होतं. ते केव्हा चेन उघडतात याची मी वाट बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, लिफ्टच्या फरशीकडे बघत तसं. मग ते जनरल मॅनेजरना म्हणाले, “मी लिफ्ट तपासली. जिना तपासला नाही. त्या चढताहेत की नाही, हे मी स्वतः वर जाऊन बघायला हवं होतं. ते बघितलं नाही. चूक माझी आहे.”

आणि मग अर्धा तास ते जिन्याबद्दल बोलले. कठडा एकाच बाजूला आहे, दोन्ही बाजूंना हवा. पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात, त्यावर खडबडीत पट्ट्या हव्यात. लिफ्ट एक दिवसाहून जास्त बंद राहणार असेल, तर ज्यांना जिना झेपत नाही त्यांची जागा त्याच दिवशी खाली आली पाहिजे, आणि ती आली आहे हे कोणीतरी डोळ्यांनी बघून सही केली पाहिजे. हे सगळं मंजूर झालं. त्यांना ताकीदपत्र मिळालं आणि कायमची बदली सिन्नरला. दहा दिवसांत लिफ्टचे भागही मुंबईहून आले.

जायच्या दिवशी ते माझ्याकडे चाव्या आणि राहिलेल्या कामांची यादी द्यायला आले. दार लावून घेऊन मी विचारलं, “तुमच्याकडे प्रत होती ना?”

“होती.”

“मग दाखवली का नाहीत?”

ते खुर्चीत नीट बसले. “माणूस सापडला की लोक उठून चहाला जातात,” ते म्हणाले. “तुमचं नाव निघालं असतं, तर ती बैठक तिथंच संपली असती. मला कठडा हवा होता.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मला क्षमा मागता आली असती. मी विचारलं, चहा घेणार का? ते नको म्हणाले. निघताना दाराशी थांबून त्यांनी सांगितलं की दुसऱ्या वळणावरची तिसरी पायरी एका बाजूला झिजली आहे, तेवढी आधी करून घ्या. मी ती दुसऱ्याच दिवशी करून घेतली. माझ्या नोकरीत मी कोणतंही काम इतक्या तातडीनं केलेलं नाही.

सुमनताई परत आल्या नाहीत. आधीच दुबळा पाय, त्यात ते हाड धड जुळलं नाही. त्या आईला घेऊन चांदवडला गेल्या. सेफ्टी त्यांना भेटायला जातात, हे शिपायाकडून कळायचं. महिन्यातल्या एका रविवारी, एसटीनं. भरलेल्या जीपमध्ये ते बसत नसत. एसटीला जागा नसेल तर पुढच्या एसटीची वाट बघत. सातपूरहून चांदवड दोन तासांहून लांब नाही. मी एकदाही गेलो नाही. आधी लाज वाटायची म्हणून, आणि मग इतके दिवस गेलो नाही याची लाज वाटायची म्हणून.

मी ती कंपनी सोडली, दुसरीकडे लागलो. अशी दहा-अकरा वर्षं गेली. एकदा मालेगावला कामासाठी गेलो होतो. परतताना एसटी चांदवडला थांबली, आणि मी विचार न करता उतरलो. मला सेफ्टींचा पत्ता हवा होता. ते निवृत्त झाल्याचं ऐकलं होतं, कुठे राहतात ते माहीत नव्हतं. सुमनताईंना ते माहीत असणार होतं. मनाशी ठरवून टाकलं होतं, आजच नाशकात उतरून थेट त्यांच्या घरी जायचं आणि जे त्या दिवशी केबिनमध्ये बोललो नाही ते बोलायचं.

घर सापडायला वेळ लागला नाही. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या पलीकडच्या गल्लीत दारावर पाटी होती, ‘चित्रकलेचे वर्ग. एलिमेंटरी, इंटरमिजिएट.’ दारात म्हातारी बसली होती. “कोन पायजे?” तिनं विचारलं. मी सुमनताईंच्या ऑफिसातला, असं सांगितलं. आतून कुबड्यांचा आवाज आला.

त्यांनी मला लगेच ओळखलं. केस पिकले होते. बसा म्हणाल्या. मी पत्ता विचारला.

“ते मागच्या दिवाळीनंतर गेले,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कळलं नाही का?”

मला कळलेलं नव्हतं. झोपेतच गेले होते. त्या आठवड्यात ते इथे यायचे होते.

मग जे त्यांना सांगायचं होतं ते मी सुमनताईंना सांगितलं. एकोणिसावं पान, ‘पाहिले’, दुचाकींच्या स्टँडवर दिलेलं उत्तर, फाडलेला कागद, सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. आईनं चहा आणून ठेवला.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “पान फाडलंत ते नव्हतं माहीत. पण टेबल खाली यायचं होतं, हे माहीत होतं. लिफ्टला कुलूप लावलं त्याच दिवशी ते माझ्याकडे येऊन बसले होते. मला विचारून मग त्यांनी ते लिहिलं. मी रोज वाट बघायची, आज येतील टेबल उचलायला.”

“मग तुम्ही एकदा मला का नाही म्हणालात? मी खालीच तर बसत होतो.”

त्यांनी कपाकडे बघितलं. “शाळेत बाक मागायचा, एसटीत जागा मागायची, ऑफिसात लिफ्ट मागायची. त्या वेळी पहिल्यांदाच मी न मागता कोणीतरी माझ्यासाठी मागितलं होतं. म्हटलं, या वेळी आपण मागायचं नाही. येईल.” मग त्या म्हणाल्या, “तो हट्टच होता म्हणा.”

बाहेर मुलं जमायला लागली होती. त्यांच्या वर्गाची वेळ झाली होती. मी उठलो. दाराशी येऊन मी विचारलं, ते इतकी वर्षं येत होते, माझ्याबद्दल काही बोलायचे का?

त्यांनी खरंच आठवून बघितलं. “बाकी खूप लोकांबद्दल बोलायचे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दल नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

मला एकदम मोकळं वाटलं. गल्ली ओलांडून, ट्रॅक्टरांच्या मधून वाट काढत मी हायवेपर्यंत आलो, स्टँडवर आलो, नाशिकची गाडी लागली होती तिच्यात खिडकीशी जागाही मिळाली. गाडी सुरू झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझं नाव निघालं नाही म्हणून मला बरं वाटत होतं. ते गेल्याचं कळून पुरता एक तासही झाला नव्हता.